गांडुळे आहेत, पण पिल्ले नाहीत: राखेच्या गाळाखालच्या वावराचे काय समजावे?

तिफण
आमचे वावर वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोरा-भद्रावती पट्ट्यात आहे. जमीन भारी काळी आहे, खालच्या अंगाला नाला आहे आणि नाल्याच्या वरच्या भागात कोळशाची राख साठवण्याची जागा आहे. मोठा पूर आला की पाणी धुरा (बांध) ओलांडून आत शिरते आणि ओसरताना करड्या रंगाचा गाळ ठेवून जाते. दरवर्षी नांगरटीत तो मिसळत असला, तरी खालच्या अंगाच्या मातीचा रंग आता वेगळा दिसू लागला आहे.

यंदा पोळ्याच्या आधी, जमिनीत चांगली ओल असताना, मी दोन्ही अंगांना फूटभर लांबी-रुंदीचे आणि तेवढेच खोल खड्डे घेऊन माती हाताने मोकळी करून पाहिली. वरच्या अंगाला मोठी गांडुळे, बारीक पांढुरकी पिल्ले आणि मोहरीपेक्षा मोठे, पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते कोष असे सर्व काही सापडले. खालच्या अंगाला गांडुळे कमी होती, पण होती, आणि ती सगळी पूर्ण वाढलेली होती. पिल्लू किंवा कोष मात्र एकाही खड्ड्यात मिळाला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. राखेतील जड धातूंमुळे असे होऊ शकते का? गांडूळ जिवंत आहे याचा अर्थ माती ठीक आहे असा घ्यावा का? आणि तिसरा प्रश्न घरच्यांचा आहे: वखर चालला की आमच्या कोंबड्या मागे मागे फिरून हीच गांडुळे टिपतात आणि त्यांची अंडी आम्ही खातो, त्यात धोका आहे का? मृदा आरोग्य पत्रिका माझ्याजवळ आहे, तिच्यात भिण्यासारखे काहीही लिहिलेले नाही.

गाडीवान
पत्रिकेत भिण्यासारखे काही लिहिण्याची पद्धतच नाही, तिफणभाऊ. आमच्या गावात तर शेजारी-शेजारी असलेल्या सहा शेतकऱ्यांच्या पत्रिका जुळ्या भावंडांसारख्या निघाल्या होत्या.

वैनगंगाकाठ
मी भंडारा जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे गांडुळापुरते सांगू शकते. मातीचे मोजमाप जाणकारांनी सांगावे.

तिफणभाऊंनी जे पाहिले तेच या विषयातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. जड धातूंनी गांडुळे ढिगाने मरून पडलेली सहसा दिसत नाहीत, कारण मरण येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे कोष घालणे मंदावते, पिल्लांची वाढ खुंटते आणि वयात येणे लांबते. गांडुळाच्या पुढच्या भागावर जो जाडसर पट्टा दिसतो, तो वयात आल्याची खूण असतो. प्रदूषित मातीत हा पट्टा उशिरा येतो किंवा आलेला पट्टाही विरून जातो. म्हणूनच विषारीपणा तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींत दोन वेगळ्या चाचण्या आहेत. १९८४ सालची जुनी चाचणी १४ दिवसांत किती गांडुळे मेली एवढेच पाहते. नंतरच्या चाचणीत मोठी गांडुळे २८ दिवस मातीत ठेवून बाहेर काढतात आणि त्यांनी घातलेल्या कोषांतून पुढील २८ दिवसांत किती पिल्ले निघाली ते मोजतात.

या दोन उत्तरांत किती अंतर असते ते पाहण्यासारखे आहे. आयसेनिया फेटिडा या खताच्या गांडुळावर १९९४ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निम्मी गांडुळे मरण्यासाठी तांब्याचे प्रमाण किलोभर मातीत सुमारे ६८० मिलिग्रॅम लागले, पण कोषांची संख्या निम्म्यावर येण्यास ५० च्या थोडे वर पुरले. जस्तासाठी हेच आकडे साधारण १००० आणि २८० होते. शिशासाठी निम्मी गांडुळे मरण्यास ४००० हून अधिक आणि कोष निम्मे होण्यास १९०० च्या पुढे प्रमाण लागले. कॅडमियमने ३०० पर्यंत निम्मी गांडुळे मेली नाहीत, पण कोष मात्र ५० च्या आतच निम्मे झाले. म्हणजे मेलेली गांडुळे मोजत बसलो, तर तांबे आणि कॅडमियम या दोघांना आपण बराच काळ निर्दोष ठरवू.

धातू गांडुळाच्या शरीरात दोन वाटांनी जातात. त्याची त्वचा ओली असते आणि श्वसन तिच्यातूनच होते, त्यामुळे मातीच्या ओलीत विरघळलेला धातू थेट आत शिरतो. दुसरी वाट आतड्याची आहे, कारण ते मातीच गिळत असते. आत गेल्यावर आतड्याभोवतीच्या पिवळसर पेशी कॅडमियमला गंधकयुक्त प्रथिनांशी बांधून ठेवतात, तर शिसे आणि जस्त फॉस्फेटच्या सूक्ष्म कणांत अडकवतात. ही जणू कुलूपबंद तिजोरी असते आणि ती भरत जाते तरी गांडूळ जगत राहते. तिफणभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, पण त्यावर नंतर लिहिते.

डवरा
ताईंनी सांगितलेले शास्त्र मान्य आहे, तरी एवढ्या लवकर राखेला फासावर चढवू नये. गांडुळे नाहीशी होण्याची आपल्याकडील पहिली कारणे निराळीच आहेत. वर्षानुवर्षे आपण कपाशीला आणि उसाला फोरेट व कार्बोफ्युरान या कीटकनाशकांचे दाणे दिले. फोरेट २०२० अखेर बंद झाले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते, आणि कार्बोफ्युरान हे गांडुळासाठी अत्यंत विषारी आहे. त्यात रोटाव्हेटर आला, शेणखत गेले आणि पऱ्हाट्या धुऱ्यावर जळू लागल्या. माझ्या वावराच्या आसपास पंधरा कोसांत राखेचा ढीग नाही, तरी माझ्याकडे गांडुळे नाहीत.

तिफण
डवराभाऊ, आपली शंका रास्त आहे. मात्र दोन्ही अंगांना पीक तेच असते, फवारणी तीच असते आणि एकाच दिवशी एकच ट्रॅक्टर फिरतो. शेणखतही मी सारखेच पसरवतो. फरक आहे तो गाळाचाच.

काळीकसदार
माझी सारी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून दोन-तीन गोष्टी सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पत्रिकेची. ही योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यात १२ बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम किंवा पारा यांचा त्यात समावेशच नाही. शिवाय जस्त आणि तांबे यांचे जे आकडे येतात, ते डीटीपीए नावाच्या द्रावणात सुटणाऱ्या भागाचे असतात. पिकाला कमतरता आहे का, हे पाहण्यासाठी ती पद्धत बसवलेली आहे. तिफणभाऊंना पत्रिकेत दोष दिसला नाही, याचे कारण तो तिथे पाहिलाच जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मातीत धातू किती आहे आणि त्यातील किती गांडुळाच्या वाट्याला येतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत. आपल्या भारी काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, तिच्यात चुनखडी असते आणि फुगणारी चिकणमाती भरपूर असते. अशा मातीत शिसे, जस्त, तांबे आणि कॅडमियम घट्ट धरले जातात व ओलीत फार थोडे सुटतात. शिशाच्या बाबतीत आणखी एक संरक्षण असे की शिसे शरीरात कॅल्शियमच्या वाटेने शिरते, आणि जिथे कॅल्शियम मुबलक आहे तिथे त्याला ती वाट सहज मिळत नाही. ताईंनी दिलेले आकडे प्रयोगशाळेतील कृत्रिम मातीचे आहेत. तिच्यात ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन माती आणि १० टक्के पीट असते, आणि धातूचे क्षार ताजे मिसळलेले असतात. शेतात वर्षानुवर्षे मुरलेला तेवढाच धातू बहुधा कमी त्रास देतो. म्हणून ते आकडे जसेच्या तसे आपल्या काळ्या मातीला लावता येणार नाहीत.

तिसरी गोष्ट अशी की एकूण धातू तपासून घेतला, तरी घाबरण्याआधी शेजारची स्वच्छ माती तपासावी लागते. पश्चिम विदर्भाची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि त्या खडकातच तांबे, निकेल व क्रोमियम यांचे प्रमाण मुळात बरेच असते. बाहेरच्या देशाचा तक्ता समोर ठेवून तुलना केली, तर ज्या वावरात कधी राख पडली नाही तेसुद्धा प्रदूषित ठरू शकते.

आंबियाबहार
काळीकसदार काकाजी, मग जस्ताचे काय? आम्हाला दरवर्षी झिंक सल्फेट टाकायला सांगतात आणि इथे जस्त विषारी म्हणून वाचतो आहे. आमच्या संत्र्याला तर मोरचूदही (कॉपर सल्फेट) लागतो.

काळीकसदार
हिशेब करून पाहू. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट दिले, तर त्यात २१ टक्के म्हणजे सव्वापाच किलो जस्त जाते. वरच्या अर्ध्या फुटाच्या थराचे वजन हेक्टरी सुमारे २० लाख किलो धरले, तर किलोभर मातीत अडीच मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते. कोष निम्मे होण्याचा आकडा २८० आहे आणि आपल्याकडील बऱ्याच जमिनी जस्ताला भुकेल्या आहेत. झिंक सल्फेटने गांडूळ मरते ही भीती निराधार आहे.

मोरचुदाचे मात्र तसे नाही. त्याच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा तांबे असते. मोरचूद आणि चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण हेक्टरी १००० लिटर फवारले, तर १० किलो मोरचूद म्हणजे अडीच किलो तांबे बागेत गेले, आणि किलोभर मातीत सव्वा मिलिग्रॅम वाढले. वर्षाला दोन फवारण्या धरल्या, तर ३० वर्षांच्या बागेत ७५ मिलिग्रॅमची भर पडते. तांबे कुजत नाही, उडून जात नाही, पाण्याबरोबर खोलही फारसे उतरत नाही. युरोपातील जुन्या द्राक्षमळ्यांत बोर्डोमुळे वरच्या थरात तांबे साचल्याची आणि तिथे गांडुळे कमी झाल्याची नोंद सर्वज्ञात आहे.

आंबियाबहार
हे वाचून मी बागेत खुरपे घेऊन गेलो. दोन ओळींच्या मधल्या गवताखाली गांडुळांची विष्ठा दिसते, झाडाच्या आळ्यात मात्र खुरपे कितीही चालवले तरी काही सापडत नाही. आमच्याकडे डिंक्या रोगासाठी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात आणि उरलेली पेस्ट मजूर शेवटच्या झाडाच्या आळ्यात ओतून मोकळे होतात. ती इतकी महागाची वस्तू, वाया जाऊ नये म्हणून झाडालाच दिलेली बरी, असा त्यामागे विचार असतो.

काळीकसदार
त्या शेवटच्या झाडाचा हिशेब आपण स्वतःच करावा असा आहे. पेस्टमध्ये १० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना असतो. दोन लिटर पेस्ट उरली म्हणजे २०० ग्रॅम मोरचूद, अर्थात ५० ग्रॅम तांबे. ती एक चौरस मीटर आळ्यात ओतली आणि वरच्या दोन इंचांतच राहिली, तर ती माती साधारण ६५ किलो भरते. म्हणजे किलोमागे साडेसातशे मिलिग्रॅम तांबे झाले. ताईंनी सांगितलेला निम्मी गांडुळे मरण्याचा आकडा ६८० होता. चुन्यामुळे आणि आपल्या मातीमुळे त्याची धार पुष्कळ कमी होईल हे खरे, पण तीस वर्षांत हळूहळू होणार नाही ते तिथे एका दुपारी होते.

डवरा
म्हणजे आता बोर्डोही बंद करावे काय? आधीच संत्रा उत्पादकाच्या मागे शुक्लकाष्ठ कमी आहे का? डिंक्या लागला की दहा वर्षांचे झाड डोळ्यांदेखत वाळते.

आंबियाबहार
बंद करण्याचे कोणी म्हटलेले नाही, डवराभाऊ. पेस्ट बुंध्याला ब्रशने लावावी, लागेल तेवढीच कालवावी आणि आळ्यात पाणी तुंबू देऊ नये, कारण डिंक्याची बुरशी पाण्यानेच पसरते. निचरा नीट ठेवला, तर बोर्डोची गरजही कमी पडते. काकाजींनी केलेला हिशेब मी आमच्या मजुरांना सांगितला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न आला, "मग उरलेली ओतायची कुठे?" त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून आता कमीच कालवतो.

धानबांधी
आमची धानाची जमीन गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडची आहे. ती पिवळसर, हलकी आणि काळ्या मातीपेक्षा आंबट आहे. रोवणीनंतर बांधीत पाणी उभे असल्याने गांडुळे धुऱ्यांवर येऊन राहतात. आमच्याकडे चुनखडीचे संरक्षण नाही, मग तेवढ्याच धातूने आमचे अधिक नुकसान होईल का?

काळीकसदार
होय. सामू जसजसा खाली जातो, तसतसे कॅडमियम, जस्त आणि शिसे अधिक सुटतात. त्याच राखेचा तोच ट्रक वरोऱ्याच्या काळ्या मातीत आणि आरमोरीच्या पिवळ्या मातीत रिकामा केला, तर दोन निराळे परिणाम दिसतील. हलक्या आम्लधर्मी जमिनीत चुना देणे हा उपाय आहे. काळ्या जमिनीत त्याचा उपयोग नाही, कारण ती आधीच चुनखडीने भरलेली आहे.

वैनगंगाकाठ
काकाजी, येथे मला थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. चुनखडीयुक्त जमीन शिसे, तांबे आणि कॅडमियम यांना धरून ठेवते हे बरोबर आहे, पण आर्सेनिक आणि सहासंयुजी क्रोमियम यांचे वागणे उलटे असते. ते पाण्यात ऋणभारित रूपात असतात आणि सामू वाढला की मातीची त्यांच्यावरील पकड ढिली होते. कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि क्रोमियम असतातच. म्हणून तिफणभाऊंच्या जमिनीत शिशाची चिंता कमी आणि आर्सेनिकची अधिक करावी, असे माझे मत आहे. धानाच्या बांधीतही पाणी साचल्यावर आर्सेनिक मोकळे होते, त्यामुळे धानबांधी यांनी त्याकडे स्वतंत्रपणे पाहावे.

काळीकसदार
ताईंचे म्हणणे योग्य आहे. माझे विवेचन धनभारित धातूंपुरते होते. त्यात आणखी एक भर घालतो: ताज्या राखेत बोरॉन आणि विरघळणारे क्षार बरेच असतात. बोरॉन हा जड धातू नव्हे, परंतु राखेच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पिकाला आणि मातीतील जीवांना तोच अधिक जाचतो. पावसाने राख धुतली जाते तसा तो त्रास ओसरतो, धातू मात्र मागे राहतात.

पांदणरस्ता
राखेबद्दल एकच बाजू मांडली जाते आहे. आमच्या भागात चोपण जमिनीत राख मिसळल्यावर माती मोकळी झाली, पाणी मुरू लागले आणि हरभरा चांगला आला. राखेचा शेतीत उपयोग करावा, असे तर शासनच सांगते.

काळीकसदार
चिकण मातीत मोजून घातलेल्या राखेने पोत सुधारतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जुनी, धुतलेली, ठरावीक प्रमाणात आणि शेणखतासोबत घातलेली राख वेगळी, आणि पुराने दरवर्षी विनापरवानगी आणून टाकलेली राख वेगळी. पहिल्या बाबतीत किती टाकायची हे शेतकरी ठरवतो, दुसऱ्या बाबतीत नाला ठरवतो.

खतवाला
मी गांडूळखताचा व्यवसाय करतो. गांडूळ सर्व विषारी द्रव्ये खाऊन टाकते आणि माती शुद्ध करते, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. तिफणभाऊंनी आमच्याकडील आयसेनिया गांडुळे नेऊन खालच्या अंगाला सोडली, तर दोन वर्षांत जमीन सुधारेल.

वैनगंगाकाठ
खतवालेभाऊ, यात दोन अडचणी आहेत. आयसेनिया हे शेणात आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहणारे गांडूळ आहे. नुसत्या काळ्या मातीत, तेही चैत्र-वैशाखातील भेगा पडलेल्या जमिनीत, ते तग धरणार नाही. तिथे लॅम्पिटो मॉरिटीसारखी आपली मातीतील गांडुळे राहतात, जी उन्हाळ्यात खोल जाऊन वेटोळे करून पडून राहतात. प्रयोगशाळेतील बहुतेक आकडे मात्र आयसेनियाचे आहेत आणि मातीत राहणाऱ्या काही जाती तिच्यापेक्षा नाजूक असतात, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. कीटकनाशकाचा रेणू सूक्ष्मजीव तोडू शकतात, शिसे किंवा कॅडमियम हे मूलद्रव्य आहे, त्याला कोणीही खाऊन संपवू शकत नाही. काही भाग गांडुळाच्या शरीरात जातो, काही विष्ठेत बाहेर पडतो. गांडूळखत होताना शेण आणि काडीकचऱ्यातील कर्ब वायुरूपाने निघून जातो, त्यामुळे ढीग निम्मा होतो आणि उरलेल्या खतात किलोमागे धातूचे प्रमाण उलट वाढते. म्हणूनच खत नियंत्रण आदेशात गांडूळखतासाठी किलोमागे कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घालून दिल्या आहेत. गांडुळांनी धातू खाऊन टाकले असते, तर या मर्यादांची गरजच पडली नसती.

खतवाला
मर्यादांबद्दल ठाऊक होते, त्यामागचे कारण असे कोणी समजावून सांगितले नव्हते. शहरातील कचऱ्यापासून खत करणाऱ्यांना हा प्रश्न अधिक येत असणार. आम्ही शेण आणि पालापाचोळाच वापरतो. कोंबडीखत मिसळावे का?

काळीकसदार
कोंबड्यांच्या खाद्यात तांबे आणि जस्त वरून मिसळलेले असते आणि त्यातील बरेचसे विष्ठेत उतरते. थोडे मिसळण्यास हरकत नाही. सगळा ढीगच त्याचा करणार असाल, तर एकदा तपासून घ्यावे.

गाडीवान
एक चाचणी माझ्याही वाचनात आली आहे. पेटीच्या एका अर्ध्या भागात चांगली आणि दुसऱ्या अर्ध्या भागात दूषित माती भरतात, मधोमध गांडुळे सोडतात आणि ४८ तासांनी ती कोणत्या बाजूला गेली ते मोजतात. गांडूळ ४८ तासांत गाव सोडून जाते. आपण त्याच गावात राहून पिढ्यान्‌पिढ्या अर्ज लिहितो.

तिफण
गाडीवानभाऊ, आमचे अर्ज देऊन झाले आहेत. त्यांच्या पोचपावत्याही जपून ठेवल्या आहेत, त्यांना तरी अजून गाळ लागलेला नाही. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे ताईंनी कृपया वळावे.

वैनगंगाकाठ
गांडूळ जिवंत आहे म्हणून माती शुद्ध आहे असे मानता येत नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात तांब्याची आणि आर्सेनिकची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. तिच्या टाकाऊ मातीत आर्सेनिकचे प्रमाण प्रचंड असूनही गांडुळे राहतात. अनेक पिढ्यांत त्यांच्यात सहनशक्ती आली आहे, आणि स्वच्छ जागेची त्याच जातीची गांडुळे तिथे नेऊन सोडली तर ती टिकत नाहीत. याउलट ब्रिस्टलजवळच्या ॲव्हनमाउथ येथे जस्त-शिशाची भट्टी होती. तिच्या जवळ जावे तसतशी गांडुळांची संख्या आणि जाती कमी होत गेलेल्या आढळल्या. तिथे शिसे आणि कॅडमियमही होते, पण अभ्यासकांनी मुख्य दोष जस्ताला दिला. म्हणजे माणसाला ज्याची भीती अधिक, त्यानेच गांडुळाचे अधिक नुकसान होते असेही नाही.

कोंबड्यांबद्दल असे सांगता येईल. कॅडमियम गांडुळाच्या शरीरात मातीपेक्षाही अधिक प्रमाणात साचते, शिसे बहुधा मातीपेक्षा कमी साचते. परंतु कोंबडी गांडूळ गिळते तेव्हा त्याच्या आतड्यातील मातीही गिळते, आणि चोच मारताना वेगळी माती पोटात जाते ती निराळीच. कॅडमियम कोंबडीच्या यकृतात आणि मूत्रपिंडात साठते, अंड्यात त्याचा फार थोडा अंश जातो. शिसे मात्र अंड्याच्या बलकात उतरते. घरी लहान मुले असतील, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत खालच्या अंगाला वखर चालताना कोंबड्या डालून ठेवाव्यात आणि त्या कोंबड्यांची काळीज-कलेजी खाऊ नये. बगळे आणि साळुंक्या यांना कोणी डालू शकत नाही, वखरामागे त्या येणारच.

डवरा
मी पुन्हा आडवा येतो, त्याबद्दल रागावू नये. पिल्ले नसण्याचे कारण धातूच आहेत, हे अजूनही सिद्ध झालेले नाही. त्या करड्या गाळात सेंद्रिय कर्ब नसणार, तो वाळला की कडक होत असणार आणि गांडुळाला खायला तिथे काही नसणार. उपाशी गांडूळही कोष घालत नाही. विष आणि उपासमार वेगळी कशी करणार?

काळीकसदार
या धाग्यातील सर्वांत नेमका प्रश्न डवराभाऊंनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर अंगणात मिळू शकते. तिफणभाऊंनी प्लास्टिकच्या सारख्या आकाराच्या टोपल्या घ्याव्यात. पहिलीत वरच्या अंगाची माती, दुसरीत खालच्या अंगाची माती आणि तिसरीत खालच्याच अंगाची माती चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावी. चौथीत वरच्या अंगाची माती तेवढेच शेणखत घालून ठेवावी. ओल चारही टोपल्यांत सारखी राखावी, मूठ आवळली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. वरच्या अंगातील, अंगावर पट्टा आलेली गांडुळे प्रत्येकीत सारख्या संख्येने सोडून सावलीत चार आठवडे ठेवावीत आणि नंतर कोष मोजावेत. शेणखत घातल्यावर खालच्या मातीतही कोष दिसू लागले, तर दोष मुख्यतः उपासमारीचा. चौथ्या टोपलीत कोष भरपूर आणि तिसरीत नाहीत असे झाले, तर विषाचा संशय बळकट होतो.

यात एक मेख आहे. सेंद्रिय पदार्थ स्वतःच धातूंना धरून ठेवतो, त्यामुळे तिसऱ्या टोपलीत सुधारणा दिसली तरी धातू पूर्ण निर्दोष ठरत नाहीत. पण शेतासाठी उपाय दोन्ही बाबतींत तोच राहतो, भरपूर शेणखत.

डवरा
हे पटले. शेणखतावर माझा कधीच आक्षेप नव्हता, ते मिळत नाही यावर आहे.

वैनगंगाकाठ
टोपल्यांसोबत प्रयोगशाळेतही माती जावी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो या संस्था मातीचेच काम करतात. नागपुरात पर्यावरणासाठी नीरी ही संशोधन संस्था आहे. तिथे विचारणा करताना "माती तपासून द्या" असे मोघम लिहू नये. एकूण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, तांबे, जस्त आणि निकेल असे नावानिशी मागावे, सोबत सामू आणि सेंद्रिय कर्ब मागावा, आणि वरच्या अंगाचा नमुना तुलनेसाठी आवर्जून द्यावा.

पांदणरस्ता
नमुने घेताना तलाठी किंवा कृषी सहायक हजर असतील आणि पंचनाम्यावर खड्ड्यांच्या जागा नकाशासह नोंदवल्या जातील, असे पाहावे. मी राखेचा समर्थक असलो, तरी नुकसान भरपाईचा प्रश्न आला की समोरचा पक्ष पहिल्यांदा विचारतो, "ही माती त्याच वावराची कशावरून?"

तिफण
सर्वांचा आभारी आहे. कोंबड्या कालपासून डालल्या आहेत, घरात त्यावरून नाराजी आहे. टोपल्या या आठवड्यात भरतो. नमुन्यासाठी फावडे आणि लोखंडी बादली चालेल का?

काळीकसदार
फावड्याने खड्डा घ्यावा, पण नमुन्याची माती फावड्याला लागलेल्या बाजूची घेऊ नये, ती लाकडी पट्टीने खरवडून टाकावी आणि आतली घ्यावी. बादली मुळीच नको. बाजारातील बादल्यांना जस्ताचा मुलामा असतो आणि तुमच्या नमुन्यात त्या बादलीचेच जस्त निघेल. प्लास्टिकचे घमेले व स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या वापराव्यात. करडा थर वेगळा दिसत असेल, तर त्याचा नमुना वेगळ्या पिशवीत घ्यावा, खालच्या काळ्या मातीत मिसळू नये. आणि हे दिवाळीच्या आत करावे. त्यानंतर जमीन आवळू लागते, गांडुळे खोल जातात आणि पुढच्या मृगापर्यंत टोपल्यांसाठी एकही सापडणार नाही.